दाव्याला दुसरा काटा हवा

2 एप्रिल 2022 रोजी महाराष्ट्रात गुढीपाडवा होता आणि तेलंगणात उगादी. त्या संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास गुजरात, मध्य प्रदेश, खानदेश आणि विदर्भाच्या आकाशातून पेटत्या ठिपक्यांची एक रांग सावकाश सरकत गेली. लोकांनी मोबाइलवर टिपलेल्या तिच्या चित्रफिती रात्रीतून सगळीकडे पोचल्या. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला धातूचे मोठे कडे सापडले आणि पाठोपाठ त्याच परिसरात जाड कवचाचे गोळे मिळाले. पैनगंगेच्या दक्षिणेकडचे बेला तिथून सरळ रेषेत शंभर-सव्वाशे किलोमीटरवर आहे. आदिलाबाद जिल्ह्यातल्या या सीमेवरच्या मंडलात घरात मराठी, कचेरीत तेलुगू आणि मोबाइलवर दोन्हींच्या जोडीला हिंदी असा व्यवहार चालतो. म्हणजे एकाच घटनेची बातमी तीन भाषांतून येते आणि तिन्ही जुळतीलच असे नाही. त्या रात्री उल्का म्हणावी, विमान कोसळले म्हणावे की कुणाचे क्षेपणास्त्र भरकटले म्हणावे, यावर वाद रंगले. आकाशातल्या आणि लष्करातल्या गोष्टींबद्दल सरकार जे सांगते त्यावर सामान्य माणसाने किती विश्वास ठेवावा, हा प्रश्न अशा वेळी हमखास उभा राहतो. त्याची दोन तयार उत्तरे असतात. एक म्हणते, सरकार सांगते ते मुकाट मानावे. दुसरे म्हणते, सरकार सांगते ते सगळे खोटे. दोन्ही उत्तरांत पुरावा पाहण्याचे कष्ट वाचतात, म्हणून दोन्ही लोकप्रिय आहेत.

लाडबोरीचे कोडे कसे सुटले ते आधी पाहू. उल्का सेकंदाला किमान 11 किलोमीटर वेगाने वातावरणात शिरते आणि बहुधा एकदोन सेकंदांत विझते. पृथ्वीभोवती फिरून खाली येणाऱ्या रॉकेटच्या तुकड्याचा वेग सेकंदाला आठ किलोमीटरच्या आत असतो. तो जवळपास आडवा येतो, फुटत जातो आणि त्याचे जळते भाग एकाच दिशेने मिनिटभर दिसत राहतात. चित्रफितींतली संथ, समांतर रांग पाहूनच जाणकारांनी उल्का बाजूला ठेवली. मग त्याच संध्याकाळी न्यूझीलंडहून सुटलेल्या एका छोट्या रॉकेटचे नाव पुढे आले, पण ते नीट जुळेना. अमेरिकेतले खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी कक्षांची जाहीर नोंदवही तपासून सांगितले, की हा फेब्रुवारी 2021 मध्ये सुटलेल्या चीनच्या लाँग मार्च 3बी रॉकेटचा वरचा टप्पा असावा. त्याची परतण्याची वेळ आणि मार्ग या दृश्याशी जुळतात. गोळे शाबूत का राहिले, याचेही उत्तर साधे आहे. रॉकेटमध्ये दाबाखालचा वायू भरून ठेवायच्या टाक्या उष्णतेला टिकणाऱ्या साहित्याच्या करतात. ॲल्युमिनियम 660 अंश सेल्सिअसला वितळते, तर टायटॅनियमला 1668 अंश लागतात. पुढे इस्रोच्या शास्त्रज्ञांनी येऊन तुकड्यांची पाहणी केली. या सगळ्या प्रकरणात कोणत्याही एका सरकारच्या शब्दावर विसंबून राहण्याची वेळ आली नाही, कारण कक्षा सगळ्यांनाच मोजता येते.

आदिलाबादच्या पट्ट्यातला शेतकरी व्यापाऱ्याच्या काट्यावर कापूस तोलला गेला, की जमल्यास दुसऱ्या काट्यावरही तोलून पाहतो. व्यापारी चोरच आहे असे त्याचे म्हणणे नसते. ज्याचा माल आणि ज्याचा पैसा, त्याने वजनाची खात्री करावी एवढेच. सरकारच्या तांत्रिक दाव्यांना हीच कसोटी लावावी, असे माझे म्हणणे आहे. एखाद्या दाव्यावर किती विश्वास ठेवायचा, हे दावा करणाऱ्यावरच्या आपल्या प्रेमावर किंवा रागावर ठरू नये. त्या दाव्याला दुसरा काटा उपलब्ध आहे का, यावर ठरावे. असे पाहिले तर दाव्यांचे तीन प्रकार पडतात. पहिला उघड्या आकाशातला, म्हणजे उपग्रह, कक्षा, चंद्रावरचे यान. जगात ज्याच्याकडे दुर्बीण किंवा रडार आहे तो ते तपासू शकतो. दुसरा अर्धा उघडा; घटना घडली हे सगळ्यांना कळते, पण तिचा नेमका आकार दावा करणाऱ्याच्या फायलीत राहतो. तिसरा पूर्ण बंद. रणांगणावर काय झाले, हे काही काळ फक्त लढणाऱ्यांनाच ठाऊक असते आणि दोघांनाही सोयीचे तेवढेच सांगायचे असते. या तिन्हींवर एकाच मापाने विश्वास ठेवला किंवा एकाच मापाने अविश्वास दाखवला, तर फसगत अटळ आहे.

पहिल्या प्रकाराचा सर्वात घरगुती नमुना हैदराबादेत आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे फुग्यांचे केंद्र तिथे आहे. पातळ पॉलिथिलिनचे प्रचंड फुगे उपकरणे घेऊन तीस-चाळीस किलोमीटर उंचीवर जातात आणि काम संपले की उपकरणे हवाई छत्रीने खाली येतात. फुगे सोडण्याच्या हंगामाआधी संस्था जाहीर निवेदन काढते. उपकरणे कोणत्या जिल्ह्यांत उतरू शकतात, सापडल्यास उघडू नका, जवळच्या पोलीस ठाण्यात कळवा, असे त्यात लिहिलेले असते. तरीही 7 डिसेंबर 2022 रोजी विकाराबाद जिल्ह्यात शेतात एक भलामोठा गोल डबा उतरला, तेव्हा परग्रहावरची तबकडी पाहायला यावे तशी गर्दी जमली. तो एका स्पॅनिश कंपनीच्या चाचणीचा डबा होता आणि हैदराबादच्या याच केंद्रातून वर गेला होता. निवेदन निघणे आणि ते गावापर्यंत, गावाच्या भाषेत पोचणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सरकारी यंत्रणा खरे बोलली तरी तिचे बोलणे ऐकू आले नाही, तर ती जागा अफवा भरून काढते. बेल्यासारख्या गावासाठी तेलुगू निवेदनाच्या जोडीला मराठी निवेदन हवे, ही मागणी यातूनच येते.

आता मोठ्या दाव्याकडे वळू. 27 मार्च 2019 रोजी भारताने आपलाच मायक्रोसॅट-आर हा उपग्रह सुमारे 283 किलोमीटर उंचीवर क्षेपणास्त्राने फोडला. पंतप्रधानांनी स्वतः देशाला ही बातमी दिली आणि मोहिमेला मिशन शक्ती हे नाव मिळाले. निवडणूक तोंडावर होती, त्यामुळे हे खरेच घडले का, असे विचारणारेही होते. शंका विचारण्यात गैर काही नव्हते, पण तिचे उत्तर दिल्लीला विचारायची गरज नव्हती. कक्षांची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकी यंत्रणेच्या नोंदवहीत या उपग्रहाचे तुकडे एकेक करून चढू लागले आणि पुढे त्यांची संख्या सव्वाशेच्या घरात गेली. मुख्य दावा खरा ठरला. मात्र त्याला जोडलेला दुसरा दावा तपासात टिकला नाही. कचरा 45 दिवसांत खाली येऊन जळून जाईल, असे डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेच्या प्रमुखांनी सांगितले होते. बहुतेक तुकडे खरोखरच लवकर आले, पण आघाताने काही तुकडे लांबट कक्षेत भिरकावले गेले होते. त्यांच्या कक्षेचे वरचे टोक विरळ हवेत असल्याने त्यांना घर्षण कमी लागत होते. 24 तुकडे आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाच्या वरपर्यंत पोचल्याचे नासाच्या प्रमुखांनी आठवड्याच्या आतच सांगितले. नोंदवहीतला शेवटचा तुकडा खाली यायला 2022 चे मध्य उजाडले. एकाच घोषणेत एक वाक्य पक्के आणि दुसरे कच्चे असू शकते. म्हणून घोषणेला हो किंवा नाही म्हणण्याऐवजी तिच्यातले प्रत्येक वाक्य वेगळे काढून पाहावे लागते.

चांद्रयान-2 मध्येही हेच दिसते. 7 सप्टेंबर 2019 च्या पहाटे विक्रम लँडरशी संपर्क तुटला. पृष्ठभागापासून 2.1 किलोमीटरवर तो तुटल्याचे जाहीर झाले; थेट प्रक्षेपणातल्या आलेखावरचा ठिपका त्याहून बराच खाली उतरल्याचे पाहणाऱ्यांनी टिपले होते. दोन आठवड्यांनी इस्रोचे तेव्हाचे अध्यक्ष के. सिवन यांनी मोहीम 98 टक्के यशस्वी झाल्याचे सांगितले. कक्षेत फिरणारा ऑर्बिटर उत्तम काम करत होता हे खरेच होते, पण लँडर आदळला असताना टक्केवारीचा हा हिशेब अनेक शास्त्रज्ञांना पटला नाही आणि ते त्यांनी उघड बोलून दाखवले. लँडरची जागा सापडल्याचे इस्रोने लगेच सांगितले होते, छायाचित्र मात्र दिले नाही. लँडरचे अवशेष शोधले चेन्नईच्या षण्मुग सुब्रमण्यन या अभियंत्याने. चंद्राभोवती फिरणाऱ्या नासाच्या यानाने काढलेली आधीची आणि नंतरची छायाचित्रे सर्वांसाठी खुली असतात. ती घरी बसून ताडून पाहताना त्याला एक नवा ठिपका दिसला. 2 डिसेंबर 2019 रोजी नासाने त्याच्या नावासह तो शोध जाहीर केला. आपल्या मोहिमेचा हिशेब परक्या संस्थेच्या खुल्या खिडकीतून मांडावा लागला, ही त्यातली खंत. एक सामान्य नागरिक तो मांडू शकला, ही त्यातली आशा. पुढे 2023 मध्ये चांद्रयान-3 च्या आधी अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी काय चुकले होते ते मोकळेपणाने सांगितले. इंजिनांनी अपेक्षेपेक्षा जास्त जोर दिला, चुका साचत गेल्या आणि उतरण्यासाठी ठरवलेली 500 मीटर लांब-रुंद जागा फारच अपुरी होती. 23 ऑगस्टला चांद्रयान-3 चा विक्रम लँडर उतरला तेव्हा त्या यशाला कुणाच्या प्रमाणपत्राची गरज उरली नाही. नासाच्या यानाने त्याचे छायाचित्र काढले आणि डिसेंबरमध्ये त्यावरच्या आरशावर लेझर किरण टाकून परत मिळवला.

माणूस चंद्रावर गेलाच नाही, असे म्हणणाऱ्यांनाही हीच कसोटी लावावी. ते नेहमी अमेरिकी सरकारच्या हेतूंविषयी बोलतात. शीतयुद्धात अमेरिकेला जिंकायचे होते, म्हणून चित्रीकरण बनावट केले, असा त्यांचा युक्तिवाद असतो. हेतू होता हे मान्य केले तरी पुरावा हेतूवर ठरत नाही. अपोलोच्या प्रवासावर सोव्हिएत संघाचे लक्ष होते आणि खोटेपणा सापडला असता तर तो जगभर मिरवायला त्यांना आवडलेच असते. चंद्रावर ठेवलेल्या आरशांवरून आजही वेगवेगळ्या देशांच्या वेधशाळा लेझर परत मिळवतात. चांद्रयान-2 च्या कॅमेऱ्याने तर अपोलो 11 च्या जागेचे छायाचित्रही घेतले आहे. प्रतिस्पर्धी, तटस्थ आणि आपण अशा तिघांच्या काट्यांवर वजन सारखे भरले, की शंकेला जागा राहत नाही. एवढ्यावरही जो मानत नाही, त्याला पुराव्याशी कर्तव्य उरलेले नसते.

दुसरा प्रकार अधिक अवघड आहे आणि तो समजून घेण्यासाठी पोखरणपेक्षा चांगले उदाहरण नाही. 11 मे 1998 रोजी तीन आणि 13 मे रोजी दोन अणुस्फोट झाले. पहिल्या दिवसातला एक स्फोट हायड्रोजन बॉम्बच्या पद्धतीचा आणि 45 किलोटन ताकदीचा असल्याचे सांगण्यात आले. 11 तारखेला स्फोट झाले याबद्दल जगात कुणाला शंका नव्हती, कारण त्यांचा हादरा देशोदेशींच्या भूकंपमापकांवर उमटला. वाद झाला तो ताकदीवर. भूकंपलहरींवरून ताकद काढताना खडकाचा प्रकार, स्फोटाची खोली आणि अनेक स्फोटांच्या लहरी एकमेकींत मिसळणे हे सगळे हिशेबात धरावे लागते. हादऱ्याच्या तीव्रतेत 0.3 चा फरक पडला तरी ताकदीचा अंदाज दुपटीहून अधिक बदलतो. परदेशी तज्ज्ञांचे अंदाज भारताच्या आकड्यापेक्षा बरेच कमी होते. परदेशी म्हणून ते झटकताही आले असते, पण ऑगस्ट 2009 मध्ये के. संथानम यांनी हायड्रोजन बॉम्ब अपेक्षेप्रमाणे चालला नाही असे उघड सांगितले. चाचण्यांच्या वेळी ते डीआरडीओच्या बाजूने मैदानावरची जबाबदारी सांभाळत होते. अणुऊर्जा आयोगाचे माजी अध्यक्ष पी. के. अय्यंगार यांनीही आकड्यांवर शंका घेतली होती. दुसऱ्या बाजूला आर. चिदंबरम आणि अनिल काकोडकर यांनी ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातले किरणोत्सारी नमुन्यांचे विश्लेषण आणि लहरींचा हिशेब पुढे करून दावा ठामपणे राखला. अब्दुल कलाम यांनीही संथानम यांचे म्हणणे नाकारले. दोन्ही बाजूंना देशभक्त, दोन्ही बाजूंना तज्ज्ञ. नमुन्यांचा सगळा तपशील जाहीर करता येत नाही, कारण त्यातून बॉम्बची रचना उघड होते. अशा वेळी प्रामाणिक वाचकाने एवढेच म्हणावे, की स्फोट सिद्ध आहेत, 45 किलोटनचा आकडा मात्र दावा करणाऱ्याच्या शब्दावर उभा आहे आणि त्याला आव्हान देणारा माणूस आतलाच होता.

तिसऱ्या, बंद प्रकारातल्या दाव्यांचा अनुभव या भूमीला जुना आहे. 1948 पर्यंत आदिलाबाद निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. रझाकारांचा नेता कासीम रझवी लाल किल्ल्यावर आसफजाही झेंडा फडकवण्याच्या गर्जना करत होता. सिडनी कॉटन हा वैमानिक कराचीहून चोरून शस्त्रे आणत होता, त्यामुळे त्या गर्जनांना वजन असल्याचा भासही झाला. 13 सप्टेंबरला भारतीय फौजा शिरल्या आणि 17 तारखेला निजामाने लढाई थांबवली. पाच दिवसांत दावा आणि वस्तुस्थिती यांच्यातले अंतर मोजून झाले. आजच्या लोकशाही सरकारची तुलना रझवीशी करण्याचा इथे हेतू नाही. पण युद्धकाळातला आकडा हा स्वतः एक शस्त्र असतो, ही गोष्ट सगळ्या राजवटींना लागू आहे. 27 फेब्रुवारी 2019 रोजी बडगाममध्ये हवाईदलाचे एमआय-17 हेलिकॉप्टर कोसळून सहा जवान आणि एक नागरिक गेला. ते आपल्याच क्षेपणास्त्राने पडले, हे हवाईदलप्रमुखांनी चूक मान्य करत जाहीरपणे सांगितले ते ऑक्टोबरमध्ये. मे 2025 च्या भारत-पाकिस्तान संघर्षात आपली काही विमाने गेल्याचे सरसेनाध्यक्ष अनिल चौहान यांनी 31 मे रोजी सिंगापुरात मान्य केले, संख्या सांगितली नाही. ऑगस्टमध्ये हवाईदलप्रमुख ए. पी. सिंग यांनी पाकिस्तानची पाच लढाऊ विमाने आणि एक मोठे विमान पाडल्याचे सांगितले. पाकिस्तानने ते फेटाळले आणि स्वतःचे आकडे पुढे केले. त्याच दिवसांत संगणकावरच्या खेळातली दृश्ये लढाईची म्हणून मोबाइलवर फिरत होती. अशा दाव्यांबाबत घाईने जल्लोष किंवा घाईने टिंगल करण्यापेक्षा थांबणे शहाणपणाचे. सत्य बाहेर यायला वेळ लागतो, पण बडगामने दाखवले तसे ते बहुधा येते.

यावरचा पहिला आक्षेप ठरलेला आहे. अशा शंका घेतल्याने शत्रूचे फावते आणि जवानांचे मनोधैर्य खचते, असे म्हटले जाते. आकाश क्षेपणास्त्राची कहाणी याला उत्तर देते. हे क्षेपणास्त्र तयार करणारी भारत डायनॅमिक्स ही कंपनी हैदराबादची आहे. जुलै 2017 मध्ये संसदेत मांडलेल्या अहवालात नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी सांगितले, की चाचणीसाठी डागलेल्या 20 क्षेपणास्त्रांपैकी सहा, म्हणजे 30 टक्के, अपयशी ठरली. हे कुणा शत्रूने शोधलेले नव्हते. आपल्याच घटनात्मक संस्थेने आपल्याच संसदेला सांगितले होते. त्यामुळे आकाश मोडीत निघाले नाही. 2025 च्या संघर्षात त्याने उत्तम कामगिरी केल्याचे सरकारनेच सांगितले आणि त्याला आधीच्या कठोर तपासणीने बाधा आणली नव्हती. इस्रोचेही तसेच आहे. ऑगस्ट 2022 मध्ये एसएसएलव्ही हे नवे रॉकेट पहिल्याच उड्डाणात फसले. दुसरा टप्पा सुटताना बसलेल्या हादऱ्याने त्वरणमापक गोंधळले, हे कारण इस्रोने लोकांपुढे ठेवले आणि फेब्रुवारी 2023 मध्ये त्याच रॉकेटने यश मिळवले. दोष उघड झाल्याने यंत्र कमकुवत होत नाही. झाकलेला दोष मात्र जवानाच्या हातात फुटतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. संरक्षणात गुप्तता लागतेच, मग प्रत्येक गोष्टीचा पुरावा मागायचा कसा? गुप्तता लागते, हे निर्विवाद. माहिती अधिकार कायद्याने डीआरडीओला भ्रष्टाचार आणि मानवी हक्कभंगाचे विषय वगळता आपल्या कक्षेबाहेर ठेवले आहे आणि देशाच्या सुरक्षेचे, सामरिक व वैज्ञानिक हिताचे कारण देऊन इतर संस्थांनाही माहिती नाकारता येते. पण गुप्ततेचा अर्थ गप्प राहणे असा आहे. क्षेपणास्त्राचा पल्ला सांगायचा नसेल तर सांगू नये. मोठा आकडा जाहीर सभेत सांगायचा आणि त्याचा आधार विचारला की गुप्ततेचा पडदा ओढायचा, हे चालणार नाही. शिवाय गुप्ततेच्या आड तपासणीच बंद झाली, तर संसदेचाही काटा निकामी होतो. 2017 च्या अखेरीनंतर महालेखापरीक्षकांचे अनेक संरक्षणविषयक अहवाल संकेतस्थळावर टाकले गेले नाहीत. मे 2025 मध्ये पीएसएलव्ही-सी61 तिसऱ्या टप्प्यात अपयशी ठरले, ते इस्रोने लगेच मान्य केले. पण त्या चौकशीचा अहवाल एसएसएलव्हीसारखा लोकांसमोर आला नाही. पृथ्वीचे निरीक्षण करणारा उपग्रह गमावण्याचे कारण सांगितल्याने शत्रूच्या हाती नेमके काय लागणार होते, हे विचारणे गैर नाही.

तिसरा आक्षेप सांगतो, की तपासायचेच असेल तर ते तज्ज्ञांनी तपासावे आणि खरे-खोटे सरकारने ठरवून द्यावे. गावातल्या माणसाला यातले काय कळते? केंद्र सरकारने 2023 मध्ये नियमांत बदल करून आपल्या कारभाराविषयीचा मजकूर खोटा, बनावट किंवा दिशाभूल करणारा आहे हे ठरवण्याचा अधिकार स्वतःच नेमलेल्या विभागाकडे घेतला होता. मुंबई उच्च न्यायालयात दोन न्यायमूर्तींचे मत विभागल्यावर प्रकरण तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांच्याकडे गेले आणि सप्टेंबर 2024 मध्ये तो बदल घटनाबाह्य ठरून रद्द झाला. स्वतःच्या दाव्याचा न्यायनिवाडा स्वतः करता येत नाही, हे तत्त्व अवकाश आणि लष्करालाही लागू पडते. राहिला प्रश्न समजेचा. लाडबोरीचा तुकडा उल्का नव्हता हे ओळखायला पदवी लागत नाही. किती वेळ दिसला आणि किती वेगाने गेला, एवढे पाहिले तरी पुरते. कोणत्याही दाव्याला चार प्रश्न विचारता येतात. हे मोजले कुणी? त्याच्याशिवाय आणखी कुणाला मोजता येते का? ज्याला हे खोटे पाडण्यात फायदा आहे, तो काय म्हणतो? आणि उद्या हे चुकीचे निघाले, तर ते आपल्याला कसे कळेल?

शेवटचा आक्षेप दुसऱ्या टोकाकडून येतो. सरकार एकदा खोटे बोलले, म्हणजे ते नेहमीच खोटे बोलते, असे त्याचे म्हणणे. हा युक्तिवाद धाडसी वाटतो, पण विचाराचा आळस त्यात लपलेला आहे. 45 दिवसांचा अंदाज चुकला म्हणून मिशन शक्ती घडलेच नाही असे होत नाही आणि 98 टक्क्यांचा हिशेब पटला नाही म्हणून चांद्रयान-3 चित्रपटाच्या सेटवर उतरत नाही. सरसकट अविश्वास हा सरसकट विश्वासाइतकाच सत्ताधाऱ्यांच्या सोयीचा असतो. ज्याला कोणताच पुरावा पटत नाही, त्याच्यापुढे पुरावा ठेवण्याची तसदी मग कुणी घेत नाही. उलट जो नागरिक खरे निघाले तेव्हा मनापासून दाद देतो आणि चुकले तेव्हा नेमकी चूक दाखवतो, त्याच्या शंकेला वजन येते. त्याला उत्तर द्यावे लागते.

रॉकेट, उपग्रह आणि क्षेपणास्त्रे कराच्या पैशातून उभी राहतात आणि त्या करात बेल्याच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या काडेपेटीवरच्या कराचाही वाटा आहे. म्हणून हिशेब विचारण्याचा अधिकार तिथल्या माणसालाही तेवढाच आहे. सरकारने अपयशांचे चौकशी अहवाल जाहीर करावेत, संरक्षणाचे लेखापरीक्षण पुन्हा लोकांपर्यंत पोचू द्यावे आणि सांगता येत नाही तिथे आकडे फुगवण्याऐवजी मौन पाळावे. वाचकांनीही पुढची मोठी घोषणा ऐकली, की ती पुढे पाठवण्याआधी किंवा तिची थट्टा करण्याआधी, तिला दुसरा काटा कुठे आहे ते शोधावे. सापडला तर तोलून पाहावे. सापडला नाही तर मत राखून ठेवावे आणि तसे स्पष्ट म्हणावे.